क्रूझवर सुई-दोरा अवश्य न्यावा
जहाजावर सगळे मिळते, मग दुरुस्तीच्या सामानाचे ओझे कशाला, हे म्हणणे मला पटत नाही. तिथल्या दुकानांत अत्तरे, घड्याळे आणि दागिने भरपूर असतात; पण मुंबईहून लक्षद्वीपला जाताना दुसऱ्याच दिवशी आईच्या चपलेचा अंगठा तुटला, तेव्हा चहूकडे पाणी असताना चांभार कुठून आणणार? जाड सुई आणि मेण लावलेला दोरा जवळ होता, म्हणून चार टाके घालून ती चप्पल घरी परतेपर्यंत टिकली.

सुई-दोरा, सेफ्टी पिना, चष्म्याचा बारीक स्क्रू-ड्रायव्हर आणि पेन्सिलीवर गुंडाळलेली हातभर डक्ट टेप एवढे तरी घ्यावेच; सुटकेसचा फाटलेला कोपरा किंवा रात्रभर खडखडणारे कपाटाचे दार या टेपनेच आवरता येते. केबिनच्या भिंती बहुधा पोलादी पत्र्याच्या असल्याने लोहचुंबकाचे हूकही कामी येतात. मात्र सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढल्यास उपकरणे वाचवणारी सोय) असलेला एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ नये, कारण जहाजाची विद्युतरचना घरच्यापेक्षा वेगळी असल्याने आगीचा धोका संभवतो आणि बहुतेक कंपन्या तो चढतानाच काढून घेतात. कात्री ४ इंचांपेक्षा कमी पात्याची असावी, आणि बंदरापर्यंत विमानाने जाणार असाल तर ती चेक-इनच्या सामानात ठेवावी.