मदत हवी आहे : पर्यावरणपूरक वेष्टनासाठी तरुण ग्राहक खरोखर किती जादा पैसे देतील, हे कसे मोजावे?

नमस्कार. पुण्यातील 18 ते 25 वयोगटातील ग्राहक त्वचेच्या प्रसाधनांच्या पर्यावरणपूरक वेष्टनासाठी किती जादा किंमत मोजतील, हा माझ्या एम.कॉम. प्रकल्पाचा विषय आहे. ‘जास्त पैसे द्याल का?’ असे थेट विचारले की बहुतेक जण होकार देतात, कारण त्या क्षणी खिशातून काहीच जात नसते आणि पर्यावरणाला नकार देणे कुणालाच बरे दिसत नाही. म्हणून एकाच मॉइश्चरायझरची काचेची बरणी, रिफिल पाऊच आणि नेहमीची पंपाची प्लास्टिक बाटली निरनिराळ्या किमतींना समोर ठेवून निवड करायला लावावी, म्हणजेच कॉन्जॉइंट पद्धत वापरावी, असा विचार आहे.

खरी अडचण पुढेच आहे. काच पुन्हा वितळवता येते, पण तिच्या वजनामुळे वाहतुकीला इंधन जास्त लागते; पाऊचला प्लास्टिक कमी लागते, परंतु त्याच्या अनेक थरांच्या फिल्मचे पुनर्चक्रीकरण अवघड असते. (पंपातील धातूची स्प्रिंग हा आणखी वेगळाच त्रास.) ही माहिती उत्तरदात्यांना आधी द्यावी, की त्यांच्या समजुतीनुसारच निवड करू द्यावी? तसेच स्वतः कमावणारे आणि घरून पैसे घेणारे यांचे गट वेगळे ठेवावेत का? अशी प्रश्नावली तयार केलेल्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.