मदत हवी आहे: जोडीदाराच्या सहीचा हक्क कागदोपत्री कसा मिळवायचा?

नमस्कार, मी आणि माझी जोडीदार, दोघी बायका, अकरा वर्षं पुण्यात एकत्र राहतोय. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने लग्नाचा हक्क नाकारला तेव्हा खूप रडलो होतो, असो. मागच्या महिन्यात तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन होतं, फॉर्मवर 'पेशंटशी नातं' पुढे मी 'जोडीदार' लिहिलं तर नर्सने ते खोडून 'मैत्रीण' केलं आणि सहीसाठी तिच्या भावाला साताऱ्याहून बोलवावं लागलं, तोवर ती पोट धरून कळवळत होती. पुन्हा असं व्हायला नको. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने जॉइंट अकाउंट आणि नॉमिनीला आडकाठी नाही असं स्पष्ट केलंय, ते बँकेत कुणी करून घेतलंय का? दवाखान्यासाठी पॉवर ऑफ अटर्नी चालते का? मृत्युपत्रही करायचंय, पुण्यातला समजूतदार वकील माहीत असेल तर प्लीज सांगा.