डॉटनेटमध्ये रनटाइमला कोड तयार करायचा असल्यास एक्स्प्रेशन ट्री, आयएल की रॉझलिन?

प्रश्न:
डॉटनेट ८ वरील आमच्या सर्व्हिसमध्ये डेटाबेसच्या ओळींपासून ऑब्जेक्ट तयार करावे लागतात. कोणता कॉलम कोणत्या प्रॉपर्टीत जाईल, हे कॉन्फिगरेशनमध्ये असते आणि सर्व्हिस चालू असतानाही ते बदलू शकते. सध्या हे काम रिफ्लेक्शनने (प्रोग्राम चालू असताना टाइप व प्रॉपर्टी नावाने शोधून वापरण्याची सोय) होते. प्रोफायलरमध्ये बराच वेळ प्रॉपर्टीत मूल्य भरणाऱ्या सेटव्हॅल्यू या मेथडमध्येच जाताना दिसतो. रिफ्लेक्शन-एमिटने थेट आयएल (डॉटनेटची मधली, मशीनजवळची भाषा) लिहावे, एक्स्प्रेशन ट्री (कोडची ऑब्जेक्टांमधून झाडासारखी केलेली मांडणी) कंपाइल करावी, की सी-शार्पचा मजकूर रॉझलिनकडे (सी-शार्पच्या कंपाइलरकडे) द्यावा? हा कोड पुढे इतरांनाही सांभाळायचा आहे.

उत्तर १:
एक्स्प्रेशन ट्री घ्यावी. डॉटनेट ४ पासून (२०१०) तिच्यात असाइनमेंट, ब्लॉक आणि लूप आले, आणि कंपाइल केल्यावर तिच्यातूनही शेवटी आयएलच निघते. त्यामुळे वेगात हाताने लिहिलेल्या आयएलपेक्षा फारसा फरक राहत नाही. खरा फरक चूक झाल्यावर कळतो. इंट प्रॉपर्टीला स्ट्रिंग जोडू पाहिली, तर ट्री बांधतानाच आर्ग्युमेंट-एक्सेप्शन येते आणि कोणते दोन टाइप जुळले नाहीत तेही कळते. आयएलमध्ये स्टॅकवर एक मूल्य कमी पडले, तर पहिल्यांदा चालवताना इनव्हॅलिड-प्रोग्राम-एक्सेप्शन मिळते, आणि नेमके कुठे चुकले ते आपणच शोधत बसायचे. बॉक्स करायचे (इंटसारखे साधे मूल्य ऑब्जेक्टमध्ये गुंडाळायचे) राहिले, तर प्रोसेसही कोसळू शकते. नल तपासण्यासाठी कंडिशन वापराल, तेव्हा दोन्ही शाखांचा टाइप एकच ठेवावा लागतो, म्हणून नलच्या शाखेत त्या टाइपचे डिफॉल्ट द्यावे. कंपाइल करणे मात्र महाग असते. ऑब्जेक्टचा टाइप, कॉलमांचा क्रम आणि कॉन्फिगरेशनची आवृत्ती मिळून कॅशसाठी की (शोधण्याची खूण) बनवावी आणि डेलिगेट (कंपाइल झालेल्या फंक्शनचा संदर्भ) कॅशमध्ये ठेवावा. प्रत्येक क्वेरीला नव्याने कंपाइल केल्यास रिफ्लेक्शनच बरे होते असे वाटेल.

उत्तर २:
पुढे नेटिव्ह एओटीकडे (प्रोग्राम आधीच मशीन कोडमध्ये कंपाइल करण्याकडे) जायचे असल्यास वरचा सल्ला अपुरा ठरतो. तिथे रिफ्लेक्शन-एमिट चालत नाही आणि एक्स्प्रेशन ट्री कंपाइल न होता इंटरप्रीटरवर, एकेक पायरी वाचत चालते, म्हणजे ज्या वेगासाठी एवढा खटाटोप केला तोच जातो. रेग्युलर एक्स्प्रेशनसाठी डॉटनेट ७ मध्ये (२०२२) सोर्स जनरेटर (बिल्डच्या वेळीच कोड लिहून देणारे साधन) आला, त्यामागे हेही एक कारण होते. तुमची जोडणी रनटाइमला ठरते, पण प्रॉपर्टी बिल्डच्या वेळीच ठाऊक असतात. तेव्हा प्रत्येक प्रॉपर्टीचा सेटर जनरेटरकडून लिहून घ्यावा आणि रनटाइमला फक्त कॉलमशी जोडावा.

उत्तर ३:
वापरकर्ते स्वतः सूत्रे लिहिणार असतील, तरच रॉझलिनचा विचार करावा. प्रत्येक कंपाइलमागे नवी असेंब्ली (कंपाइल झालेल्या कोडचा गठ्ठा) लोड होते. कलेक्टिबल असेंब्ली-लोड-कॉन्टेक्स्ट (असेंब्ली नंतर मेमरीतून काढू देणारी सोय) न वापरल्यास ती प्रोसेस संपेपर्यंत मेमरीत राहते. शिवाय कॉन्फिगरेशनमधले नाव न तपासता मजकुरात चिकटवले, तर त्या फाइलमध्ये लिहू शकणारा कोणीही तुमच्या सर्व्हिसमध्ये हवा तो कोड चालवू शकतो.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. नेटिव्ह एओटीचा विचार तूर्त नाही, त्यामुळे एक्स्प्रेशन ट्री घेतो. कॉन्फिगरेशन बदलल्यावर जुने डेलिगेट मेमरीत अडकून राहतील का?

उत्तर १:
नाही. कॅशमधून काढल्यावर आणि इतरत्र संदर्भ न उरल्यास गार्बेज कलेक्टर त्यांच्या कोडसकट ते मोकळे करतो. जुन्या आवृत्तीच्या की काढून टाकण्याची व्यवस्था मात्र तुम्हालाच करावी लागेल.