मदत हवी आहे: गवत कापायच्या मशीनला पेट्रोलऐवजी गॅस बसवला, वीस मिनिटांत दम सोडतं

हरळी_पाचोरा
राम राम मंडळी. मशीनचं पेट्रोल काढून गॅस बसवला. सकाळी झकास चालतं. वीस-पंचवीस मिनिटं झाली की आवाज बसतो, ब्लेड जोडलं की बंदच पडतं. अर्धा तास थांबलं की पुन्हा चालू. मिस्तरीने तीनदा सेटिंग केलं, प्लग बदलला, एअर फिल्टर बदलला, काही फरक नाही. 15 ऑगस्टच्या आत दोन मैदानं कापून द्यायची आहेत. काय करू? लवकर सांगा.

भुसावळ_इंजिनवाला
कोणतं मशीन? किती एचपी? टाकी किती किलोची? रेग्युलेटर कोणता? गॅस इंजिनात नेमका कुठून सोडलाय? एवढं कळल्याशिवाय कोणी सांगितलं तर तो अंदाज समजा.

चार्जिंग_धुळे
गॅसच्या भानगडीत पडूच नका. बॅटरीवरचं मशीन घ्या. ना प्लग, ना फिल्टर, ना तेल.

भुसावळ_इंजिनवाला
@चार्जिंग_धुळे, त्यांनी कोणतं मशीन घेऊ असं विचारलेलं नाही. आहे ते चालत नाही म्हणून विचारलंय. आणि 15 ऑगस्टच्या आत.

हरळी_पाचोरा
13 एचपी, सीटवर बसून चालवायचं. टाकी 19 किलोची, निळी, सीटच्या मागे बसवलीय. बाकी सगळं नेहमीचंच आहे.

आप्पा_शिरपूर
भो, नेहमीचं म्हणजे काय? बठ्ठं सांग ना. टाकी भरेल शे का अर्धी शे? उभी शे का आडी? बंद पडल्यावर टाकीच्या बुडाला हात लावून पाहिला का?

हरळी_पाचोरा
टाकी उभीच आहे. हो आप्पा, बरोबर बोललात. बुडाला घाम सुटतो, धारा लागतात आणि हात लावला तर गार बर्फ. मला वाटलं पावसाळी हवेमुळे असेल. नवी टाकी लावली की पाऊण दिवस त्रास होत नाही, अर्धी झाली की सुरू होतो.

भुसावळ_इंजिनवाला
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. मिस्तरीने कितीही स्क्रू फिरवले तरी उपयोग नाही, कारण दोष सेटिंगचा नाहीच. टाकी गॅस पुरवू शकत नाही, हा दोष आहे.

टाकीत एलपीजी द्रवरूपात असतो. तुम्ही वरून वाफ ओढता. तेवढी वाफ पुन्हा तयार व्हायला उष्णता लागते, ती टाकीच्या पत्र्यातून बाहेरच्या हवेतून आत येते. पेट्रोलवर हे इंजिन मध्यम लोडला तासाला 2 लिटर पीत असेल, तर गॅस तासाला 1.4 ते 1.5 किलो लागतो. एवढ्या द्रवाची वाफ करायला साधारण 170 वॉट उष्णता सतत लागते. पत्र्यातून तेवढी येत नाही, म्हणून आतला द्रव गार पडत जातो आणि दाब उतरतो. अर्धा तास थांबलात की द्रव पुन्हा हवेच्या तापमानाला येतो आणि मशीन चालू होतं. तुम्ही सांगितलेली लक्षणं हीच आहेत.

अर्ध्या टाकीला त्रास जास्त, त्याची कारणं दोन. एक, द्रव कमी झाला की त्याला टेकलेला पत्राही कमी. दुसरं महत्त्वाचं. आपल्याकडचा एलपीजी प्रोपेन आणि ब्यूटेनचं मिश्रण असतो. प्रोपेन उणे 42 अंशाला उकळतो, ब्यूटेन शून्याच्या आसपास. वाफ ओढताना प्रोपेन आधी निघून जातो, मागे ब्यूटेन उरतो. टाकी गार होऊन 5-6 अंशांवर आली की ब्यूटेनला दाबच राहत नाही. अमेरिकेत प्रोपेनवर मोअर चालतात असं वाचून लोक इथे करायला जातात. तिथे भरतात तो जवळजवळ निव्वळ प्रोपेन असतो. हा फरक कोणी सांगत नाही.

मेकॅनिक_नंदुरबार
टाकीवर गरम पाण्याची बादली ओतायची. हॉटेलवाले करतात.

आप्पा_शिरपूर
नको. हॉटेलात टाकी जमिनीवर उभी असते, इथे ती चालत्या मशीनवर, गरम सायलेन्सरपासून हातभर अंतरावर आहे. पाणी ओतून दहा मिनिटं मिळतील, पुन्हा तेच. टाकी आडवी करायचाही विचार नको. वाफ काढायच्या टाकीतून द्रव नळीत आला तर रेग्युलेटरचा पडदा जातो.

ई20_चा_त्रास
मुळात पेट्रोल सोडलं का? मशीन दहा-पंधरा दिवस उभं राहिलं की कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) चोंदतो, म्हणूनच ना? आता सगळीकडे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. पावसाळ्यात ते हवेतलं पाणी ओढतं आणि पाणी खाली बसतं. उपाय सोपा आहे: काम झालं की पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. कार्बोरेटर कोरडा राहतो. कॅन झाकणबंद ठेवा, पंधरा दिवसांपेक्षा जुनं पेट्रोल टाकू नका. एवढं केलं असतं तर गॅसची गरज पडली नसती.

हरळी_पाचोरा
जेटचा त्रास होताच, पण खरं कारण पैसे. दिवसाला 16 लिटर जातं. गॅसने वाचतात की नाही?

भुसावळ_इंजिनवाला
वाचतात. 16 लिटर पेट्रोल समजा 105 ने 1,680 रुपये. तेवढ्याच कामाला साधारण 11.5 किलो गॅस. समजा 19 किलोची टाकी 1,750 ला पडली तर किलोला 92, म्हणजे दिवसाला 1,060. दर तुमच्या पावतीवरचा घाला. गॅस हवेची जागा खातो म्हणून ताकद दहा टक्क्यांच्या आसपास घटते आणि ओल्या गवतात वेळ वाढतो, तोही धरा. तरी परवडतं.

पण एक प्रश्न तुम्ही टाळताय. रेग्युलेटर कोणता आणि गॅस कुठून सोडलाय?

हरळी_पाचोरा
टाळत नाही, साधी गोष्ट म्हणून लिहिलं नव्हतं. भट्टीला लावतात तो चावीचा हाय प्रेशर रेग्युलेटर. मिस्तरीने कार्बोरेटरची खालची वाटी काढून जेटच्या जागी पितळी निप्पल ठोकलंय. मधे एक कॉक. सुरू करताना कॉक थोडा उघडायचा, लोड आला की जास्त.

आप्पा_शिरपूर
आजच्या आज ते मशीन बंद करा.

भुसावळ_इंजिनवाला
हेच म्हणतो, आणि पूर्ण गंभीरपणे. भट्टीचा रेग्युलेटर सतत गॅस सोडत राहतो. इंजिन चालू आहे की बंद, त्याला कळत नाही. तुमचं मशीन वीस मिनिटांनी बंद पडतं तेव्हा कॉक उघडाच असतो. गॅस कार्बोरेटरमधून वाहत राहतो, हवेपेक्षा जड असल्यामुळे ब्लेडच्या पत्र्याखाली, गवतात साचतो. हवेत दोन टक्के झाला तरी पेट घेतो. तुम्ही अर्ध्या तासाने दोरी ओढता आणि वर तापलेला सायलेन्सर. आतापर्यंत काही झालं नाही म्हणून पुढे होणार नाही असं नाही.

नियम एकच: इंजिन थांबलं की गॅस आपोआप थांबलाच पाहिजे, माणसाच्या हाताची वाट न बघता. त्यासाठी डिमांड रेग्युलेटर लागतो. इंजिनाने हवा ओढली तरच त्याचा पडदा उघडतो. जोडीला इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणारा लॉक-ऑफ व्हॉल्व्ह.

रिक्षाकिट_जळगाव
एवढं कशाला? अजिंठा चौफुलीजवळच्या गॅरेजात रिक्षाचं जुनं एलपीजी किट मिळतं. त्यात व्हेपोरायझर (द्रव गॅसची वाफ करणारा), लॉक-ऑफ, सगळं आलं. टाकी पंपावर भरायची, ऑटो एलपीजी स्वस्त.

आप्पा_शिरपूर
ऑटो एलपीजी पंपावर गाडीला पक्की बसवलेली मान्यताप्राप्त टाकीच भरतात. पासिंग नसलेल्या गवताच्या मशीनला कोण भरून देईल? सुटी टाकी घेऊन तर जाऊच नका. आणि जुन्या किटचा पडदा कडक झालेला असतो.

भुसावळ_इंजिनवाला
शिवाय बऱ्याच किटचा व्हेपोरायझर गरम पाण्यावर चालतो. हे इंजिन हवेने थंड होणारं, त्यात पाणीच नाही. नुसता बसवलात तर व्हेपोरायझर गोठेल, टाकीचा त्रास तिथे सरकेल.

रिक्षाकिट_जळगाव
गोठणार नाही, प्रवाह किती कमी आहे! तुम्हीच 170 वॉट म्हणालात. 13 एचपीचं इंजिन त्याच्या कित्येक पट उष्णता हवेत फेकतं.

भुसावळ_इंजिनवाला
हा मुद्दा मान्य. उष्णता भरपूर आहे, फक्त व्हेपोरायझर तिच्या वाटेत हवा. पंख्याची हवा इंजिनाच्या फिन्समधून तापून बाहेर पडते, तिथे तो बसवला तर चालतं. पण किट छोट्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी बनवलेलंच घ्या.

@हरळी_पाचोरा, आता कामाचं. रस्ते दोन.

पहिला, वाफेवरच राहायचं. 19 किलोच्या दोन टाक्या समांतर जोडायच्या, प्रत्येकीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पत्रा दुप्पट. पण भरलेली एक टाकी 36-37 किलोच्या घरात, दोन म्हणजे पंच्याहत्तर. ओल्या मैदानावर चाकं रुततील आणि बांधावर मशीन मागे उलटायची भीती. मी सुचवणार नाही.

दुसरा, द्रव काढायची टाकी. एजन्सीकडे 'एलओटी' म्हणून मागा. आत खालपर्यंत नळी असते, म्हणून द्रव येतो. फोर्कलिफ्टला अशाच लावतात. कनेक्शन घेताना टाकी कशाला लावणार ते स्पष्ट सांगा आणि यंत्रावर लावायला तीच टाकी चालेल ना, हे विचारून घ्या. त्यात टाकी गार पडत नाही, कारण वाफ टाकीत होतच नाही, व्हेपोरायझरमध्ये होते. अर्धी झाल्यावर ब्यूटेन उरायचा प्रश्नही मिटतो, कारण दोन्ही द्रव सारख्याच प्रमाणात बाहेर येतात.

क्रम: टाकी, उच्च दाबाची एलपीजीची नळी (स्वयंपाकघरातली नारिंगी नळी इथे चालत नाही, ती कमी दाबाची असते), फिल्टर, लॉक-ऑफ, व्हेपोरायझर-रेग्युलेटर, मग कार्बोरेटर आणि एअर फिल्टरच्या मधे बसणारी मिक्सर प्लेट. कार्बोरेटर फोडायचा नाही. वाटी, फ्लोट, जेट परत बसवा, म्हणजे अडीअडचणीला पेट्रोल चालेल. गॅसवर चालवताना मात्र वाटी रिकामी हवी, नाहीतर दोन्ही इंधनं एकदम जाऊन प्लग काळा होतो.

टाकी दोन पट्ट्यांनी आवळा, खाली जाड रबर, व्हॉल्व्हला लोखंडी कडं. सायलेन्सर आणि टाकीच्या मधे पत्रा. आपल्या उन्हात मे महिन्यात तर सावलीचं छप्परही. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बघा, काडी नको.

शेवटची परीक्षा सोडू नका. इंजिन बंद, टाकी उघडी. मिक्सरकडचं नळीचं टोक काढून साबणाच्या पाण्यात बुडवा. पाच मिनिटांत एकही बुडबुडा यायला नको. आला तर लॉक-ऑफ घट्ट बसत नाही, मशीन चालवायचं नाही.

सेटिंग इंजिन तापल्यावर, ब्लेड जोडून, पूर्ण थ्रॉटलवर करा. लोडचा स्क्रू आवळत जा, आवाज पडला की थांबा. मग सोडत जा, पुन्हा पडेल. दोन्हीच्या मधे, किंचित सोडलेल्या बाजूला ठेवा. फार आवळलेला ठेवलात तर मिश्रण पातळ होऊन, म्हणजे गॅस कमी आणि हवा जास्त होऊन, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो.

मेकॅनिक_नंदुरबार
घरची 14.2 किलोची टाकी लावली तर स्वस्त नाही का पडणार?

आप्पा_शिरपूर
घरगुती टाकी घरातल्या स्वयंपाकासाठीच असते. एलपीजी पुरवठा व वितरण नियमन आदेश, 2000 मोडल्यावर जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली गुन्हा. एका टाकीतून दुसरीत भरणं त्याहून वाईट, त्यात माणसं जळतात. आणि साठ्याचंही लक्षात ठेवा: 100 किलोपर्यंत एलपीजी परवान्याशिवाय ठेवता येतो, म्हणजे 19 च्या पाच टाक्या. खोली जमिनीच्या पातळीवर हवी, तळघर किंवा खड्डा नको, खाली झरोके हवेत.

लॉन्स_चोपडा
विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्या लॉनवर मेक्सिकन गवत आहे, कापल्यावर टोकं पिवळी पडतात. खत कमी पडतं का?

ई20_चा_त्रास
खत नाही, ब्लेड बोथट. बोथट ब्लेड गवत कापत नाही, फाडतं. टोकाला पांढरट तंतू दिसतील, बघा. आणि एका वेळी उंचीचा एक तृतीयांशच भाग कापायचा.

भुसावळ_इंजिनवाला
@हरळी_पाचोरा, हे तुम्हालाही लागू आहे. गॅसवर ताकद थोडी कमी, त्यात बोथट ब्लेड आणि वीतभर वाढलेलं ओलं गवत एकदम खाली कापायला गेलात तर इंजिन दबणारच. आधी उंच कापा, दोन दिवसांनी खाली.

हरळी_पाचोरा
सगळ्यांचे आभार. निप्पल आणि कॉक काढून टाकला, वाटी परत बसवली, जेट साफ केला. दोन्ही मैदानं पेट्रोलवरच काढून देतो. एलओटी टाकीचं एजन्सीत विचारलंय, मागवून देतो म्हणाले, यंत्रावर लावायची तेही सांगितलंय. छोट्या इंजिनाचं किटही बघून ठेवलंय.

मिस्तरी म्हणतो गॅसवर इंजिनाचे व्हॉल्व्ह लवकर जातात. खरं का?

भुसावळ_इंजिनवाला
थोडं खरं आहे. गॅस कोरडा, पेट्रोलसारखा व्हॉल्व्हला गारवा देत नाही, म्हणून व्हॉल्व्ह टेकतो ती सीट झिजते आणि टॅपेटचा गॅप कमी होत जातो. व्हॉल्व्ह पुरता बसेनासा झाला की जळतो. पहिल्या 50 तासांनी आणि नंतर दर 100 तासांनी, इंजिन पूर्ण थंड असताना फीलर गेजने (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) तपासा. या आकाराच्या बऱ्याच इंजिनांना इनटेकला 0.15 आणि एक्झॉस्टला 0.20 मिमी देतात, तरी तुमच्या पुस्तकातला आकडा धरा. प्लगचा गॅप 0.7 वरून 0.6 वर आणा, गॅसला ठिणगी जोरदार लागते. तेल काळं होणार नाही, म्हणून बदलायचं राहून जातं. ते 100 तासांनी बदलाच.

हरळी_पाचोरा
फीलर गेज आजच घेतो. किट बसलं की बुडबुड्यांची परीक्षा करून इथे लिहितो.