एकाच टीमने सगळी लिंक खाल्ली तर बँडविड्थ कशी वाटावी?

रात्रपाळी:
नमस्कार मंडळी. ऑफिसात केव्हीएमचा (लिनक्सवर आभासी संगणक चालवायची सोय) छोटा खासगी क्लाउड आहे. सहा होस्ट (खरे सर्व्हर), प्रत्येकाला १० जीबीपीएसचं (सेकंदाला १० गिगाबिट) एकच नेटवर्क कार्ड, त्यावर चार टीमच्या व्हीएम (आभासी संगणक). रात्री अकराला एका टीमचं स्पार्कचं (मोठ्या डेटावर अनेक मशीन मिळून प्रक्रिया करणारं सॉफ्टवेअर) काम सुरू झालं की दुसऱ्या टीमच्या डेटाबेसचं रेप्लिकेशन (दुसऱ्या मशीनवर ताजी प्रत ठेवणं) मागे पडतं आणि फोन मला येतो. साहेब म्हणतात, प्रत्येकाला अडीच जीबीपीएस बांधून टाक. पण मग दिवसा लिंक रिकामी असली तरी कुणालाच वर जाता येणार नाही. कुणी यातून मार्ग काढलाय का?

जुना_गडी:
साहेबांचं ऐकू नका (तसं त्यांना सांगूही नका).
टीसीपी (नेटवर्कवर डेटा पाठवायचा नेहमीचा नियमसंच) समान वाटप करतं ते कनेक्शनमागे, टीम बिम त्याला कळत नाही. तुंबलेल्या लिंकवर डेटाबेसचं १ कनेक्शन आणि स्पार्कची ९ असली, तर डेटाबेसच्या वाट्याला साधारण दहावा हिस्सा. पंगतीत एकटाच नऊ पानं मांडून बसला की वाढपीही नऊ वेळा वाढणार.
लिनक्सच्या टीसी या ट्रॅफिक आवरायच्या साधनातली एचटीबी ही बँडविड्थ वाटून देणारी रांग लावा. प्रत्येक टीमचा एक क्लास, रेट २.२ जीबीपीएस, सील ९.५. रेट म्हणजे हक्काचं, सील म्हणजे शेजारी वापरत नसताना उसनं घेऊन कुठवर जायचं ती हद्द. डीफॉल्ट क्लास विसरू नका, नाहीतर कुठल्याच क्लासात न बसलेलं ट्रॅफिक मोकाट सुटतं. पुढे टीमचे रेट कमीजास्त केलेत तर क्वांटमही (एका फेरीत क्लासला किती बाइट पाठवू द्यायचे तो आकडा) हाताने द्या. इतक्या वेगाला तो २ लाख बाइटवर अडतो आणि उरलेली बँडविड्थ रेटच्या प्रमाणात न जाता सगळ्यांना सारखी जाते. मी यात दोन दिवस घालवलेत.

तळघर:
एचटीबी लगाम घालते ती फक्त पाठवणाऱ्याच्या बाजूला. स्पार्कच्या शफलमध्ये (मशीन आपापसात डेटा वाटून घेतात तो टप्पा) पाच होस्ट मिळून सहाव्यावर तुटून पडले, तर प्रत्येकजण आपल्या हद्दीत असूनही स्विचचा तो पोर्ट तुंबतो. म्हणूनच २०१३ च्या इलॅस्टिकस्विच आणि आयक्यू या दोन्ही संशोधनांत घेणारा होस्टही पाठवणाऱ्यांना त्यांचा वाटा कळवतो. तुम्ही एवढ्या खोलात न जाता रेप्लिकेशनवर डीएससीपीची (पॅकेटचा अग्रक्रम सांगणारी) खूण करा आणि स्विचवर त्याला वेगळी रांग द्या. खूण होस्टवर करा. व्हीएमवर सोपवलीत तर आठवड्याभरात चारही टीम अतिमहत्त्वाच्या होतील.

रात्रपाळी:
डीसीटीसीपी (डेटा सेंटरसाठीचा टीसीपी, रांग वाढू लागताच वेग कमी करणारा) लावला तर?

तळघर:
साध्या टीसीपीबरोबर एकाच रांगेत नको, साध्याचा घास जातो. रांगा आखूड होतील, पण हिशेब पुन्हा कनेक्शनमागेच.

जुना_गडी:
आणि 'जो जास्त पैसे देतो त्याला जास्त' हे साहेबांच्या डोक्यात यायच्या आत २०१२ चा फेअरक्लाउड हा निबंध वाचून ठेवा. किमान हमी आणि पैशाच्या प्रमाणात वाटा, दोन्ही पूर्णपणे एकदम देता येत नाहीत. वाटा व्हीएमच्या संख्येवर ठरला, तर शेजाऱ्याने व्हीएम वाढवल्या की तुमचा हिस्सा आकसलाच. आधी हमी धरा.

रात्रपाळी:
दोन होस्टवर एचटीबी लावली. काल रात्री रेप्लिकेशन मागे पडलं नाही. बॅकअप मात्र कुठल्याच क्लासात नव्हता, तो सुसाट सुटला, आता डीफॉल्टमध्ये टाकलाय. कर्नल लॉगमध्ये क्वांटमची तक्रार आहे, पण रेट सारखेच म्हणून सोडून दिली. स्विचची रांग शनिवारी.