शिकवणे, घर आणि कुमारसाहित्य: स्वतःसाठीचे वाचन कसे राखावे?

खडूची_भुकटी:
मी माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीला मराठी शिकवते. घरी आठवीतली मुलगी आणि दुसरीतला मुलगा आहे. कुमारवयीन मुलांसाठी लिहिलेली पुस्तके मला स्वतःलाच मनापासून आवडतात, आणि नोकरी लागण्याच्या कितीतरी आधीपासून आवडतात.

वेळेची ओढाताण शिक्षकांना नव्याने सांगायला नको. 2024-25 पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 नंतर भरू लागले. माझी शाळा मात्र सकाळ सत्राची असल्याने धाकट्याचा डबा भरून, त्याला सासूबाईंच्या हवाली करून मी अंधारातच बाहेर पडते आणि दुपारी घरी आल्यावर वह्यांचे गठ्ठे व ऑनलाइन माहिती भरण्याचे काम समोर असते. तरीही माझी खरी अडचण वेळेची नाही. पेन्सिल हातात घेतल्याशिवाय मला आता वाचताच येत नाही. परवा मुलीने माझ्या कपाटातून एक कादंबरी उचलली आणि दुसऱ्याच दिवशी जागेवर ठेवली. नायकाचे वडील घर सोडून जातात त्या प्रसंगाशेजारी मी समासात ‘स्वमतासाठी चांगले’ (म्हणजे परीक्षेत मुलांचे स्वतःचे मत विचारायला) असे लिहून ठेवले होते. “आई, ही कृतिपत्रिका तूच सोडव,” एवढे बोलून ती मोबाइल घेऊन बसली.

वर्गासाठी, मुलीसाठी आणि स्वतःसाठी असे तीन हेतू एकाच पुस्तकात गुंतलेले असताना ते वेगळे ठेवणे कुणाला जमले आहे का?

बदली_तास:
ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे आणि दोन मुलांचा बाप आहे. माझे मत थोडे वेगळे आहे. वर्गासाठीचे वाचन हे आपले कामच आहे, तेव्हा ते घरी चोरून का करावे? शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकासाठी आठवड्याला किमान 45 तास सांगितले आहेत आणि त्यात पूर्वतयारीचा वेळही धरलेला आहे. हा कायदा आठवीपर्यंतचा आहे, आणि मोकळ्या तासाला आपल्याला कुठल्या वर्गावर पाठवले जाते हे मी वेगळे सांगायला नको (माझे इथले नाव उगाच पडलेले नाही). तरीसुद्धा पेन्सिल लावून वाचायची पुस्तके मी शाळेच्या कपाटातच ठेवतो. घरी येते ते पुस्तक ग्रंथालयाचे असते, आणि त्यावर खूण करायची नसते म्हणून हात आपोआप आवरला जातो.

ओसरी:
पेन्सिलीचा प्रश्न बाजूला ठेवून मुलीविषयी लिहिते, कारण माझी दोन्ही मुले या वयातून गेली आहेत. आठवीच्या मुलीला मराठीत द्यायचे तरी काय, हा पेच खरा आहे. फुरसुंगीच्या बनेश फेणेची साहसे बहुतेकांची त्याआधीच वाचून होतात आणि त्यानंतर एकदम मोठ्यांच्या कादंबऱ्या सुरू होतात. मधल्या तीन-चार वर्षांसाठी मूळ मराठीत लिहिलेले फार थोडे सापडते, म्हणून मुले इंग्रजीकडे वळतात. माझ्या मुलाला ही फट लंपनने भरून दिली. लंपन या मुलाच्या गोष्टींचा प्रकाश नारायण संतांचा ‘वनवास’ हा कथासंग्रह 1994 मध्ये आला तो मुलांचे पुस्तक म्हणून नव्हे, आणि मला वाटते त्याचे तेच बळ आहे, कारण त्यात कुणी मुलांना काही शिकवायला बसलेले नाही. सीमाभागातली ती कानडी वळणाची मराठी सुरुवातीला अडते. ती अडू द्यावी. लगेच अर्थ सांगायला धावू नये.

बालभारतीच्या ‘किशोर’चे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. मासिक 1971 पासूनचे असल्याने तुमच्या लहानपणीचा अंकही त्यात सापडेल. तो मुलीसाठी म्हणून उघडू नका; स्वतःसाठी उघडा. एक कथा वाचायला धाकटा झोपल्यावरचा वेळही पुरतो, कादंबरीसारखा धागा तुटत नाही.

पाटी_कोरी:
मी शिक्षक नाही, शिक्षिकेचा मुलगा आहे, म्हणून पलीकडच्या बाजूने लिहितो. आईने आधी वाचून पसंत केलेले पुस्तक मी कधीच पुरे केले नाही, कारण शेवटच्या पानानंतर ‘कसे वाटले?’ हा प्रश्न येणार हे ठाऊक असायचे. कादंबरी परत ठेवली म्हणजे मुलीने वाचन सोडले, असा अर्थ ताईंनी लावू नये. त्या वयात आईची आवड ती आपली आवड नव्हे, हे दाखवून देणेही गरजेचे असते. मोबाइलवर ती काय वाचते हे एकदा सहज, चौकशीचा सूर न लावता विचारून पाहावे. आमच्या घरी त्या मोबाइलवर लांबलचक कथामालिका वाचल्या जात होत्या आणि कुणाला पत्ता नव्हता.

खडूची_भुकटी:
सर्वांचे आभार. शाळेचे कपाट वेगळे करण्याची सूचना लगेच अमलात आणण्यासारखी आहे. ‘कसे वाटले?’ हा प्रश्न मात्र वर्गात टाळता येत नाही. नववीतली दोन-तीन मुले मधल्या सुट्टीत पुस्तक परत करताना स्वतःहूनच बोलत उभी राहतात आणि त्यांना माझे मत हवे असते; तेव्हा गप्प राहणे मला बरे वाटत नाही. घरी गप्प राहायचे आणि शाळेत बोलायचे, हे एकाच दिवसात कसे साधायचे, यावर ओसरीताईंचा अनुभव वाचायला आवडेल. मुलीच्या मोबाइलविषयी अजून विचारलेले नाही. सहामाहीचे पेपर तपासून झाले की विचारेन.