मदत हवी आहे : कॅन्सरचा चार्ट उलटा येतोय, श्रीमंत देश वर आणि गरीब देश खाली (अर्जंट)

घाईत_आहे (रात्री ९:१२)
कोणीतरी प्लीज बघा, उद्या सकाळी ११ ला द्यायचंय आणि माझा चार्ट उलटा येतोय. आडव्या अक्षावर देशाचं उत्पन्न, उभ्यावर कॅन्सर. मला वाटलेलं गरीब देश वर जातील, तिकडे दवाखाने नाहीत, तपासण्या नाहीत, पण झालंय भलतंच, श्रीमंत देश सगळे वर जाऊन बसलेत आणि आफ्रिकेतले देश तळाला. फॉर्म्युला तीनदा तपासला, बरोबर आहे. "श्रीमंत लोक जंक फूड खातात" असलं एका ओळीचं कारण सरांना चालत नाही, मागच्या वेळी त्यावर लाल रेघ ओढून कागद परत आलाय. खरं कारण काय ते सांगा, लवकर.

वाचनमात्र (९:१९)
कुठला कॅन्सर?

घाईत_आहे (९:२०)
सगळे हो. कॅन्सर म्हणजे कॅन्सर.

खडूस_काका (९:२६)
तुझ्या सरांनी ओढली नसती तर इथे मी ओढली असती लाल रेघ. नवीन पेशंट मोजलेस की मृत्यू? बायका, पुरुष की दोन्ही? कुठल्या वर्षाचा विदा (डेटा)? वयाचा हिशेब धरलाय का? डॉक्टरसमोर बसून "दुखतंय" एवढंच सांगायचं आणि वर घड्याळ दाखवायचं, असं चाललंय तुझं.

प्लास्टिकमुक्त_जगणं (९:३१)
यात कोडं कसलं? श्रीमंत देश म्हणजे प्लास्टिक. बाटल्या, डबे, पिशव्या, गरम पदार्थ प्लास्टिकात. मी तीन वर्षांपूर्वी सगळं बाहेर काढलं, तेव्हापासून साधी सर्दी नाही.

झुळूक (९:३४)
सर्दी आणि कॅन्सर यांचा काय संबंध ते पण सांगा ताई, म्हणजे आम्हालाही कळेल.

घाईत_आहे (९:३८)
काका, रागावू नका. डब्ल्यूएचओच्या कॅन्सर एजन्सीच्या साइटवरून घेतलंय, २०२२ चं. नवीन केसेस भागिले लोकसंख्या गुणिले १ लाख. स्त्री-पुरुष एकत्र. वयाचा हिशेब म्हणजे काय?

आकडेबहाद्दर (९:५०)
सापडलं. तू क्रूड रेट (वय न बघता काढलेला सरसकट दर) काढलायस आणि म्हातारे देश आणि तरुण देश एकाच तराजूत घातलेस. कॅन्सर हा बराचसा वयाचा आजार आहे, पेशी विभागताना होणाऱ्या चुका वर्षानुवर्षं साठत जातात. जपानमध्ये ६५ च्या पुढची माणसं जवळपास ३० टक्के आहेत, नायजरमध्ये जेमतेम ३ टक्के.

हातानेच करून बघ (आकडे मी मनाने घेतलेत, हिशेब कळावा म्हणून). दोन देश, दोन्हीकडे धोका अगदी सारखा : ६५ च्या आत लाखात १००, ६५ च्या पुढे लाखात १५००. पहिल्या देशात लाखातले ३०,००० म्हातारे, म्हणजे ७०,००० जणांत ७० केसेस अधिक ३०,००० जणांत ४५०, एकूण ५२०. दुसऱ्यात म्हातारे ३,०००, म्हणजे ९७ अधिक ४५, एकूण १४२. धोक्यात एका पैचा फरक नाही तरी पहिला देश साडेतीन पटीहून वर! तुझा अर्धा चार्ट हाच आहे. त्याच साइटवर एएसआर नावाचा कॉलम असेल, म्हणजे सगळ्या देशांचं वय एकाच नमुना लोकसंख्येवर बसवून काढलेला दर. तो घे.

डॉ_गुगली (९:५८)
चाळिशीनंतर बायकांनी मॅमोग्राफीबद्दल (स्तनांचा एक्स-रे) आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावं, आणि घरात कोणाला झालेला असेल तर त्याच्याही आधी. लाज बाळगू नये.

वाचनमात्र (१०:००)
सल्ला चांगला आहे पण विचारला कोणी?

घाईत_आहे (१०:१४)
बदलला कॉलम. आकडेबहाद्दर दादा, फरक कमी झाला पण गेला नाही, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड अजून वरच आहेत. म्हणजे परत अडकलो. आता?

खडूस_काका (१०:१८)
ऑस्ट्रेलियाचा त्वचेचा कॅन्सर वेगळा काढ. गोरी कातडी, डोक्यावर कडक ऊन, मेलानोमा या त्वचेच्या घातक कॅन्सरात तो देश जगात अगदी वर असतो. "सर्व कॅन्सर" आणि "नॉन-मेलानोमा त्वचा (म्हणजे त्वचेचे बाकीचे कॅन्सर) सोडून सर्व" असे दोन पर्याय असतात, तू पहिला घेतला असणार. दुसरा घेतलास तरी वर राहील, पण निदान सरांनी विचारलं तर उत्तर असेल.

रातकिडा (१०:२३)
सगळे वयावरच अडकलेत. जे मोजलंच नाही ते चार्टवर येणार कुठून? डेन्मार्कमध्ये १९४२ पासून आख्ख्या देशाची कॅन्सर रजिस्ट्री (पेशंटची नोंदवही) आहे. गरीब देशांत बऱ्याचदा राजधानीतली एखादी रजिस्ट्री आणि तिच्यावरून देशाचा अंदाज, आणि जिथे तीही नाही तिथे शेजारच्या देशांचे दर उचलून बसवतात. म्हणजे तुझ्या चार्टवरचे काही ठिपके मोजलेले नाहीत, अंदाजलेले आहेत.

झुळूक (१०:३१)
रातकिड्याला +१. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. गाठीचा तुकडा फॉर्मेलिनच्या डबीत येतो, मग रात्रभर मशीनमध्ये, मग मेणाचा ब्लॉक, मग त्याची तीन-चार मायक्रॉनची चकती कापायची, पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायची, गुलाबी-जांभळा रंग द्यायचा आणि मग कुठे कोणीतरी डोळा लावून "कॅन्सर" म्हणतं. यातली एक पायरी नसली की तो माणूस "पोटाच्या दुखण्याने गेला" असाच राहतो. कित्येक देशांत दहा लाख लोकांमागे एक पॅथॉलॉजिस्टही नाही. आमच्याकडे रंग संपला तर एक दिवस काम थांबतं, तर आरडाओरडा होतो, तिकडे तर आख्खी लॅबच नाही.

खडूस_काका (१०:३६)
मान्य, पण सगळं "मोजलं नाही" वर ढकलू नका. मोजणी सुधारली तरी स्तनांचा कॅन्सर श्रीमंत देशांत जास्तच राहील. पहिलं मूल उशिरा, मुलं कमी, अंगावर पाजणं कमी, पाळी लवकर सुरू, पाळी जाताना वय जास्त, वजन जास्त, दारू. बाईच्या शरीराला हॉर्मोन्सचा मारा जास्त वर्षं होतो. रामाझिनी नावाच्या इटालियन डॉक्टरने १८ व्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलंय की मठातल्या जोगिणींमध्ये स्तनांचा कॅन्सर जास्त दिसतो. तेव्हा कुठलं प्लास्टिक होतं?

प्लास्टिकमुक्त_जगणं (१०:३९)
तेव्हा इतर विषं असतील.

रातकिडा (१०:४५)
आणि उलटी बाजू पण आहे, श्रीमंत देश गरजेपेक्षा जास्तच मोजतात. दक्षिण कोरियाचं उदाहरण घ्या. १९९९ मध्ये सरकारी कॅन्सर तपासणी सुरू झाली, थायरॉइड त्यात नव्हता पण दवाखाने थोडे जास्त पैसे घेऊन मानेची सोनोग्राफी सोबत करून द्यायला लागले. २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरचा दर १९९३ च्या १५ पट! आणि थायरॉइडने मरणारे? तेवढेच. म्हणजे आयुष्यभर त्रास दिला नसता अशा बारक्या गाठी शोधून लोकांचे गळे कापले. २०१४ मध्ये काही डॉक्टर जाहीरपणे बोलले तेव्हा कुठे ऑपरेशन्स वर्षभरात तिसऱ्या हिश्श्याने घटली. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचं पण तेच, पीएसए नावाची रक्ताची टेस्ट पसरली आणि अमेरिकेत १९९२ च्या आसपास आकडा एकदम शिखरावर.

डॉ_गुगली (१०:४९)
तपासणीच्या विरोधात असलं लिहू नये हो, लोक घाबरून जायचेच बंद होतात.

रातकिडा (१०:५१)
तपासणीच्या विरोधात कुठे लिहिलंय? कुठल्या तपासणीने मृत्यू कमी होतात आणि कुठलीने फक्त आकडा फुगतो हे वेगळं आहे एवढंच म्हणतोय. परत वाचा.

सहज_आलो (१०:५५)
हे सगळं जीन्सचं आहे, वंश वेगळे, कॅन्सर वेगळे. विषय संपला.

आकडेबहाद्दर (११:०१)
संपत नाही. जपानमधून हवाईला गेलेल्या लोकांवर बराच अभ्यास झालाय. जपानमध्ये पोटाचा कॅन्सर जास्त, हवाईत राहिल्यावर पुढच्या पिढ्यांत तो उतरत गेला आणि आतड्याचा, स्तनांचा वर चढत गेला. जीन्स तीच, पत्ता बदलला. जीन्सचा वाटा शून्य नाही, पण दोन पिढ्यांत जीन्स बदलत नसतात.

झुळूक (११:०८)
शिवाय "सगळे कॅन्सर" ची बेरीज केली की गंमतच निघून जाते. गर्भाशयाच्या मुखाचा बघ, तो बरोबर उलटा आहे, मलावी, एस्वातिनी असे आफ्रिकेतले देश सगळ्यात वर. तो एचपीव्ही विषाणूमुळे होतो, त्यात एचआयव्हीची भर, आणि लस आणि पॅप टेस्ट (गर्भाशयाच्या मुखाची तपासणी) पोचलेली नाही. लिव्हरचा बघ, मंगोलिया जगात वर, हिपॅटायटिस बी आणि सी. आफ्रिकेच्या काही भागात साठवलेल्या मका-शेंगदाण्यावर बुरशी येते, तिचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष लिव्हरला लागतं, ते वेगळंच. तैवानने १९८४ मध्ये बाळांना हिपॅटायटिस बी ची लस द्यायला सुरुवात केली आणि मुलांमधला लिव्हर कॅन्सर घटला. म्हणजे एका बाजूला संसर्गाचे कॅन्सर, दुसऱ्या बाजूला सुबत्तेचे, आणि तू दोघांना एका ठिपक्यात कोंबलंयस.

खडूस_काका (११:१२)
मधल्या देशांना दोन्हीकडून मार बसतो, तेही लिही. जुने संसर्ग गेलेले नाहीत आणि सिगारेट आली आहे. फुप्फुसाच्या कॅन्सरला वीस-तीस वर्षं लागतात, त्यामुळे आजचा आकडा हा तेव्हाच्या सिगारेटींचा हिशेब असतो.

सहज_आलो (११:१५)
चार्टचे रंग कुठले वापरलेस? लाल-हिरवा नको, काहींना दिसत नाही.

घाईत_आहे (११:२७)
थांबा थांबा. मी आत्ता सरांचा मेल परत उघडला. विषय असा आहे : "श्रीमंत व गरीब देशांतील कॅन्सर मृत्युदरातील तफावत". मृत्युदर. मी नवीन केसेस घेऊन बसलो होतो. 🙏

वाचनमात्र (११:२८)
९:२६ ला काकांनी पहिला प्रश्न हाच विचारला होता.

खडूस_काका (११:३०)
जाऊ दे. घरी बसून मलाही दुसरं काही काम नव्हतं.

आकडेबहाद्दर (११:३९)
आता ऐक, रडू नको, उलट सोपं झालंय. नवीन पेशंटच्या दरात जगाच्या भागाभागांत चार-पाच पटींचा फरक दिसतो, मृत्युदरात तो बराच आकसतो. मग प्रश्न असा होतो की जिथे कमी लोकांना होतो तिथे एवढे मरतात कसे? एकच उदाहरण घे, स्तनांचा कॅन्सर, डब्ल्यूएचओ आणि त्यांच्याच फ्रान्समधल्या ल्योंच्या कॅन्सर एजन्सीने २०२४ मध्ये दिलेले आकडे. अतिविकसित देशांत आयुष्यभरात १२ बायकांमागे एकीला होतो आणि ७१ मागे एक त्याने जाते. सगळ्यात मागे असलेल्या देशांत २७ मागे एकीला होतो आणि ४८ मागे एक जाते. भागाकार कर : पहिल्याकडे निदान झालेल्या सहातली साधारण एक, दुसऱ्याकडे दोनातली एक, किंबहुना थोडी जास्तच. होण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी, आणि तरी मरण जास्त.

झुळूक (११:४४)
आणि कारण लिहिताना "उपचार नाहीत" एवढंच लिहू नको. गाठ लिंबाएवढी झाल्यावर बाई येते, मग तुकडा पाठवायचा कुठे, रिपोर्ट यायला महिने, मग रेडिएशनचं मशीन आख्ख्या देशात एक किंवा तेही नाही. प्रत्येक थांब्यावर थोड्या बायका गळत जातात.

घाईत_आहे (११:५८)
झुळूक ताई, दादा, काका, थँक्यू. सगळ्या देशांचा चार्ट काढून टाकला. फक्त स्तनांचा आणि गर्भाशयाच्या मुखाचा, केसेस आणि मृत्यू शेजारी शेजारी, एएसआर. शेवटचा एक प्रश्न, "एज स्टँडर्डाइझ्ड" ला मराठीत काय लिहू?

आकडेबहाद्दर (रात्री १२:०३)
वय-प्रमाणित.

रातकिडा (१२:०४)
वय-समायोजित. प्रमाणित म्हटलं की सर्टिफिकेट वाटतं.

खडूस_काका (१२:०७)
दोन्ही चूक. "वयोप्रमाणित" लिही. समास करायचा तर नीट करा.

प्लास्टिकमुक्त_जगणं (१२:०९)
प्रिंट काढून फाइलमध्ये देणार असशील तर प्लास्टिकची नको, पुठ्ठ्याची घे.